‘भंगार टॉकीज’वाला आवेज

सोलापुरात लोकल केबलवर ‘भंगार टॉकीज’ लागायचं, तेव्हा आवेज पडद्याच्या कोपऱ्यात बसून फालतू सिनेमांची खिल्ली उडवायचा. कार्यक्रम बंद होऊन पंधरा वर्षं झाली, तरी लोक त्याला रस्त्यात अडवून एखादा टोमणा मारायला लावतात.

यंदा त्याने स्वतःचा सिनेमा केला, विड्या वळून घर चालवणाऱ्या आपल्या आईवर. पहिल्या खेळाला थिएटर भरलं. आवेज मधल्या रांगेत आईच्या, कमरबीच्या, शेजारी बसला.

पडद्यावरची आई बाळाला मांडीवर घेऊन विडीला दोरा बांधू लागली, तसं मागून कुणीतरी आवेजच्याच ढंगात ओरडलं, “बाळालाच दोरा गुंडाळशील की!” सगळे हसले. मग प्रत्येक प्रसंगाला टोमणे पडू लागले. आवेजने मुद्दामच भंगार सिनेमा काढलाय, असं लोकांना वाटलं. ते लई खुशीत होते.

त्याला उठून जायचं होतं, पण रांग गच्च भरलेली आणि आईने हात घट्ट धरलेला.

“ही माणसं का हसायलेत, बेटा?” तिने विचारलं.

“माझ्यावर जीव आहे त्यांचा, अम्मी.”

अब्बांच्या जनाज्याच्या प्रसंगालाही शिट्ट्या वाजल्या. कमरबी मान खाली घालून बसली.

दिवे लागताच पोरांनी आवेजला खांद्यावर उचलून घेतलं. खुर्चीत एकटी राहिलेली आई त्याला वरून दिसली.

“खाली उतरवा मला,” तो म्हणाला.

ते पुन्हा हसले आणि त्याला तसंच बाहेर घेऊन गेले.