सवतीचं बाळंतपण

हिंदुराव मोशीला आला की मंजुळाबाईच्या घरात परका पाहुणा आल्यासारखी धांदल उडत असे. बाज अंगणात निघायची, तिच्यावर धुतलेली चादर पडायची, शेजारणीकडून साखर उसनी यायची. कारण त्याला आता गुळाचा चहा चालत नसे. एवढा मान घेणारा हा पाहुणा मंजुळाबाईचा नवरा होता.

बासष्ट सालच्या वैशाखात त्याने तिच्याशी लग्न केले. चित्रा झाली. पुढे मुलगा होईना, तेव्हा घरातली सगळी चूक मंजुळाबाईच्या पोटात आहे असे ठरवून तो मोकळा झाला. पिंपरीच्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली, मग राहायला क्वार्टर मिळाली. क्वार्टर मिळाली म्हणजे स्वयंपाकाला बाई हवी, आणि मंजुळाबाईला तिकडे नेले तर शेत कोण बघणार? हिंदुरावाने हा पेच पुरुषासारखा सोडवला. बीडकडच्या एका गरीब घरातली शालन नावाची मुलगी त्याने देवळात हार घालून आणली आणि गावात पेढे वाटले. गावाने ते खाल्ले.

एका बायकोच्या डोळ्यांदेखत दुसरी आणू नये असा कायदा त्याआधी कितीतरी वर्षे झाला होता. पण तो छापला गेला होता मुंबईत, आणि पेढे मोशीतच मिळत होते.

तेव्हापासून मंजुळाबाई शेत कसत होती, म्हाताऱ्या सासूला सांभाळत होती, आणि रोज सकाळी त्याच्या नावाचे कुंकू लावत होती. संक्रांतीला बायका तिला सगळ्यांत शेवटी वाण देत. ती धड सवाष्ण नव्हती, धड विधवा नव्हती. टाकलेली होती. तिची काळजी मात्र साऱ्या गावाला होती. ती बाजाराला गेली की कुणाशी बोलली याची काळजी, अंगावर नवे लुगडे दिसले की ते कुठून आले याची काळजी.

एक्याऐंशी सालच्या पौषात मंजुळाबाई कांद्याची रोपे लावत होती, तेव्हा शेजारची सुंदरा बांधावरून ओरडली, "मंजुळाक्का, घरी चला. दाजी आल्यात."

ती चिखलाच्या पायांनीच अंगणात आली. बाजेवर हिंदुराव बसला होता. टेरिकॉटची पँट, मनगटावर घड्याळ. शेजारी त्याचे चुलते भिमाजीतात्या. भावकीत कुठलाही अन्याय करायचा झाला की तो समजुतीच्या भाषेत सांगायला भिमाजीतात्यांना बोलावीत. त्यांचा आवाज फार गोड होता. उंबऱ्याशी यशोदाबाई, मंजुळाबाईची सासू, सुपात हरभरे घेऊन बसली होती.

"शालनला आठवा लागलाय," हिंदुराव म्हणाला. "दोन पोरं आदी गेली तिची पोटातच. डॉक्टरीण म्हणती पडून राहा. माझी शिफ्टची ड्यूटी, वर ओव्हरटाइम. घरात करायला कोण न्हाई. तू चल."

तू चल. हे दोन शब्द मंजुळाबाईने शेतात, चुलीपुढे, पाण्याला जाताना मनात किती वेळा ऐकले होते. मनातल्या त्या बोलावण्यात शालन नसायची. तरीसुद्धा शब्द कानावर पडले आणि तिचा जीव क्षणभर हलला. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःचीच चीड आली.

"नशीब काढलंस पोरी," भिमाजीतात्या म्हणाले. "ह्या निमित्तानं नवऱ्याच्या घरात पाऊल पडंल. आपलं मन मोठं केलं की देवबी देतो."

"तळवड्याच्या विलासबरूबर चित्राचं लगीन तोंडावर आलंय, तात्या," ती म्हणाली.

"मग?" हिंदुरावाने चहाची कपबशी खाली ठेवली. "लग्नात कन्यादानाला बाप लागतोच की. मी बसलो न्हाई तर तळवड्याची मंडळी काय म्हणतील त्याचा इचार कर. तू माझं कर, मी तुझं करतो."

भिमाजीतात्यांनी मान डोलावली. त्यांना यात धमकी दिसली नाही, समजूत दिसली.

यशोदाबाईने सूप बाजूला ठेवले. "शालनचे पाय सुजल्यात का रं?"

"असतील. बायांचं मला काय ठावं? डॉक्टरीण म्हणती दवाखान्यात ठेवा. तिथं कोण बसणार दिवसभर? आपल्या बायका काय घरात बाळंत व्हत न्हाईत?"

"व्हत्यात की. तुझी आई झाली."

हिंदुराव यशोदाबाईच्या पोटचा नव्हता, हे गावात सर्वांना माहीत होते. तिला मूल होईना म्हणून तिचा नवरा अर्जुनराव याने सरूबाई आणली. सरूबाई तेव्हा परकर सोडून नुकती लुगडे नेसू लागली होती. तिला हळद यशोदाबाईने लावली. तिचा मुलगा, म्हणजे हा हिंदुराव, यशोदाबाईने वाढवला. त्याबद्दल गावाने तिला देवी म्हटले. ज्या बाईचे सर्वस्व हिसकावून घ्यायचे तिला आधी देवी म्हणायचे, ही आपली रीत जुनीच आहे. देवीला भूक नसते, राग नसतो, आणि तिने काही मागायचे नसते.

"सरू तापानं मेली असं तुला सांगितलं आमी," यशोदाबाई म्हणाली. "ती तापानं न्हाई मेली."

"वयनी, ते आता कशाला," भिमाजीतात्या म्हणाले.

"तुमी गप बसा. तुमी तवा गाडीवर व्हता." ती हिंदुरावाकडे वळली. "तुझ्या पाठीवर दुसरा पोरगा पायजे म्हणून तिला उसंत न्हाई दिली तुझ्या बापानं. त्या बाळंतपणात तिचं रगत थांबंना. दारात बैलगाडी जुपलेली व्हती, चाकणच्या बाजाराला जायची. कांद्यानं भरलेली. मी म्हनलं, कांदं उतरवा, सरूला घाला गाडीत, डाक्टरकडं न्या. तुझा बाप म्हनला, उतरवून परत भरायचं कवा? आजचा बाजार जाईल. गाडी गेली. सांच्याला मोकळी होऊन आली, तवर सरू थंड पडली व्हती. तू तिच्या पदराशी खेळत व्हतास."

मंजुळाबाईने सासूकडे पाहिले. इतक्या वर्षांत एका चुलीवर स्वयंपाक करताना ही गोष्ट कधी निघाली नव्हती. भिमाजीतात्या जोड्यांकडे पाहत होते. बैल त्यांनी हाकले होते.

आता हिंदुराव काय करील? आपली आई कांद्याच्या भावाने गेली हे ऐकून माणूस निदान मान खाली घालतो. हिंदुरावाने घड्याळ पाहिले.

"जुनं उकरून काय मिळणार? मला सेकंड शिफ्टला जायचंय. येतीस का न्हाई तेवढं सांग."

एवढ्यात चित्रा आली. ती भोसरीच्या एका कारखान्यात रेडिओचे भाग जुळवायला जात असे आणि त्या दिवशी अर्धीच पाळी करून परतली होती. दाराबाहेर उभी राहून तिने शेवटचे बरेच ऐकले होते. हिंदुराव तिला म्हणाला, "समजाव तुझ्या आईला. लग्न मोडलं तर माझ्या नावानं रडत बसू नका."

"मोडलं तर मोडू दे, अण्णा," चित्रा म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता. विलास तिच्याच कारखान्यात होता, आणि तिला आवडला होता.

मंजुळाबाईने मुलीचा तो चेहरा पाहिला. आज आपण मान डोलावली तर उद्या ह्याच अंगणात हीच बाज निघेल, आणि कुणीतरी आपल्या पोरीला मन मोठं करायला सांगेल, हे तिला लख्ख दिसले. तिने पदराने हाताचा चिखल पुसला.

"मी येते पिंपरीला," ती म्हणाली. "पर तुमच्या चुलीम्होरं बसायला न्हाई. शालनला दवाखान्यात घालायला येते. बाळंत झाली की तिला हिकडं आणीन."

"माझी बायको माझ्या घरात राहील."

"कंची?" मंजुळाबाईने विचारले.

उत्तर नसले की अशी माणसे अपमान झाल्याचे जाहीर करतात. कन्यादानाला मी येणार नाही, असे तीनतीनदा बजावून हिंदुराव निघून गेला. भिमाजीतात्या मागोमाग गेले.

दुसऱ्या दिवशी चित्राने रजा टाकली आणि मायलेकी पिंपरीला गेल्या. हिंदुराव कामावर होता. शालन जमिनीवर फतकल मारून कणीक मळत होती. उभे राहवत नव्हते. तोंड सुजून डोळे बारीक झाले होते. मंजुळाबाईने आपले नाव सांगताच ती घाबरली आणि भिंतीला धरून उठू लागली.

"बस, बस," मंजुळाबाई म्हणाली.

"मला वाटलं तुमी भांडाया आलाव," शालन म्हणाली. "लग्नाच्या टायमाला मला सांगितलं होतं, पहिलीला वेड लागलंय म्हणून."

"लागलं व्हतं," मंजुळाबाई म्हणाली. "आता उतरलंय. चल, रिक्षा थांबलीय."

रस्ताभर तिच्या मनात माया दाटून आली, असे लिहिणे सोपे आहे. तसे काही झाले नाही. या मुलीच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती. पण खड्डा आला की तिचा हात आपोआप शालनच्या पाठीमागे जात होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चिडल्या. रक्तदाब फार चढला आहे, अजून घरी ठेवली असती तर दोघेही गेली असती, म्हणाल्या. शालनला तिथेच ठेवून घेतले. मंजुळाबाई तिच्या खाटेखाली चटई टाकून राहिली. रोपे लावायची राहिली होती ती यशोदाबाईने मजुरीण लावून पुरी करून घेतली. आठवडाभरातच शालन बाळंत झाली. मूल अशक्त होते, पण रडले.

हिंदुराव पाळी संपवून आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. त्याची खात्री होती. दारात चित्रा भेटली.

"काय झालं?"

"मुलगी."

त्याने पुडा पिशवीत परत घातला. बायको जगली का, हे त्याने विचारले नाही. आल्या पावली तो बसच्या थांब्याकडे गेला.

तळवड्याहून निरोप यायला फार दिवस लागले नाहीत. विलासचे मामा आले, चहा प्याले, आणि म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, त्यात वाद न्हाई. पर ह्या घरातल्या बाया लई बोलत्यात. शिवाय बाप बसणार न्हाई म्हटल्यावर लोक तोंडात शेण घालतील आमच्या." जो बाप बायकोला टाकतो त्याच्या घरची सोयरीक त्यांना चालत होती. त्याला जाब विचारणाऱ्या बायकांच्या घरची चालत नव्हती. विलास सोबत आला होता. तो कपात पाहत बसला. पुढे कारखान्याच्या फाटकापाशी चित्रा दिसली की तो रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागला.

चित्रा रडली. आईला दिसू नये म्हणून गोठ्यात जाऊन रडली, आणि मंजुळाबाईने ते ऐकले. आपल्या नकाराची किंमत पोरीने दिली, हा काटा तिच्या मनात कायमचा राहिला. कोणताही नकार फुकट मिळत नाही. फक्त होकाराची किंमत आपल्याकडे मोजायची पद्धत नाही. तोंड धुऊन चित्रा पुन्हा पाळीला गेली.

शालन मुलीला घेऊन मोशीला आली. गावच्या बायका बाळंतिणीला पाहायच्या निमित्ताने येत आणि सवतीसवतीचे भांडण कुठवर आले हे बघून जात. भांडणे होत होती. शालनला जात्यावर दळता येत नसे, मंजुळाबाईला तिचे उशिरा उठणे खपत नसे. पण कुणाला मुलगाच का झाला नाही यावरून त्या घरात आता भांडण होत नव्हते.

हिंदुराव न्यायला आला, तोही हक्काने. त्या दिवशी बाज निघाली नाही, चहा टाकला नाही. यशोदाबाई उंबऱ्यात बसून होती. "मी जित्ती हाय तवर ह्या घरात कोण राहील ते मी ठरवीन," ती म्हणाली. "शालनला इचार. तिला यायचं आसंल तर घिऊन जा."

शालन आतून म्हणाली, "मला न्हाई यायचं."

हिंदुराव चपलेवरची धूळ झटकून, तीन बायकांनी मिळून एका पुरुषाचा संसार मोडला, असे रस्ताभर सांगत गेला. ऐकणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली.

त्या वर्षीच्या गणपतीत पिंपरीच्या वसाहतीतल्या मंडळाने हिंदुरावाला अध्यक्ष केले. हार घातला, शाल दिली, लाउडस्पीकरवरून त्याच्या समाजसेवेचे गुणगान झाले. समोर शिकलेली, पगारदार माणसे बसली होती. आपल्यापैकीही काही असतील. यांच्या घरची माणसे कुठे आहेत, असे एकानेही विचारले नाही. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. कारखान्यातून येताना चित्राने ते बसच्या खिडकीतून पाहिले आणि घरी येऊन सांगितले.

मंजुळाबाई शालनच्या मुलीला मांडीवर घेऊन वाटीचमच्याने दूध पाजत होती.

"आई," चित्रा म्हणाली, "नवऱ्यानं सोडलेल्या बाईला टाकलेली म्हणत्यात. मग जो टाकतो त्याला काय म्हणत्यात?"

मंजुळाबाईने बाळाच्या ओठांवरचे दूध पदराने टिपले.

"त्याला राव म्हणत्यात, बाय," ती म्हणाली.