सांगून सरलेली गोष्ट

येसाजीराव पागेत कारकून होते. पण कानडी मुलखातल्या त्या अग्रहाराच्या वस्तीत त्यांची ओळख होती ती गोष्टीवेल्हाळ माणूस म्हणून. संध्याकाळी श्रीनिवासरावांच्या कट्ट्यावर बसून ते गोदावरीआत्याची गोष्ट सांगायला लागले की घरी निघालेली माणसं थबकत.

प्लेगच्या साली सगळी गल्ली बैलगाड्यांतून गावाबाहेर झोपड्यांत निघाली, तेव्हा शेजारच्या शिंप्याच्या पोरक्या, आजारी पोरीसाठी आत्या गाडीतून उतरून एकटी मागे राहिली. पोर वाचली. घरच्यांनी मात्र आत्याला कितीतरी दिवस उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

ही गोष्ट लिहायचीच, असं येसाजीरावांनी ठरवलं आणि ते रंगरावांकडे गेले. रंगरावांच्या कथा पुण्याच्या मासिकांत छापून येत.

"सुरुवात कुठून करणार?"

"आमच्या घराण्यापासून. पणजोबा घोडदळात आले तिथून."

"छे. आत्या गाडीतून खाली उतरते तिथून करा. आणि आजपासून ही कुणाला सांगू नका. सांगितली की लिहायची भूक मरते. आधी वाईट का होईना, शेवटपर्यंत लिहा. सुधारायचं नंतर."

येसाजीरावांनी कागद आणले. पहिलंच वाक्य मनासारखं उतरेना. ते खोडत, फाडत, आणि संध्याकाळी कट्ट्यावर कुणी "आत्याची होऊ द्या" म्हणालं की सांगत. आता गाडीतून उतरण्यापासून सांगत. लोकांची वाहवा मिळाली की त्या दिवसापुरतं पोट भरे.

"येसाजी, आयितु का रे? झालं का लिहून?" आत्या विचारी. तिला वाचता येत नव्हतं, ऐकायचं होतं.

"होईल आत्या. सुम्ने, उगाच घाई कशाला?"

एका हिवाळ्यात आत्या गेली. वर्षभरानं श्रीनिवासराव आपली कथा छापून आलेला मासिकाचा अंक घेऊन स्वतः घरी आले.

"रागावू नका. इतकी वर्षं नुसती सांगत होता. वाटलं, तुम्ही काही लिहीत नाही."

येसाजीरावांनी उभ्या उभ्याच कथा वाचली. चांगली होती. पहिल्याच ओळीत आत्या गाडीतून उतरत होती. रागवायलाही त्यांना तोंड राहिलं नाही.

त्या रात्री त्यांना आत्याचं एक बोलणं आठवलं. गोष्ट फिकी पडेल म्हणून ते त्यांनी कट्ट्यावर कधी काढलंच नव्हतं. "धाडस कसलं रे? भावजयीबरोबर एका झोपडीत राहण्यापेक्षा प्लेग बरा वाटला. मग पोरीनं हात धरला, तो सोडवेना."

तेवढं धरून त्यांनी नव्यानं लिहिलं. वाईट, पण शेवटपर्यंत. मग सुधारलं.

रंगरावांनी वाचून मान डोलावली. "ही तुमची खरी. पण पोरीचं नाव?"

"आत्या तिला 'मगू' म्हणायची."

"कानडीत सगळ्याच लेकरांना मगू म्हणतात. नाव काय तिचं?"

येसाजीरावांनी कथेचे कागद उलटून पाहिले. एवढ्या वेळा गोष्ट सांगितली, पण कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही आत्याला विचारलं नव्हतं.

ते शिंप्यांच्या आळीत गेले. एक म्हातारी म्हणाली, पोरीला नातेवाईक हासनकडे घेऊन गेले. नाव काही आठवत नाही.

"मनानं घाला एखादं," रंगराव म्हणाले. "गोष्टच आहे."

येसाजीरावांनी नावं घालून पाहिली. प्रत्येक नावासरशी आत्या भलत्याच कुणाच्या तरी उशाशी बसल्यासारखी वाटे. शेवटी त्यांनी 'मगू'च ठेवून कथा पाठवली. ती छापून आली, श्रीनिवासरावांनी तोंडभरून कौतुकही केलं.

त्यानंतर बाजारात, मगू आता असेल त्या वयाची एखादी बाई दिसली की येसाजीराव घुटमळत. काय म्हणून हाक मारावी ते न सुचून, तसेच पुढे जात.