मागल्या दारचं गाव

"आलं का रं कुणी?" आण्णांनी पुन्हा विचारलं.

"येतील आण्णा. आधी लाइन तर लागू द्या!"

मोडेम नुसता किंचाळत होता आणि प्रबुद्धचा जीव टांगणीला लागला होता. लाइन दोनदा लागून तुटली होती. सांगलीची वीज आणि सांगलीचा टेलिफोन, दोघांनी मिळून आजच सूड उगवायचं ठरवलेलं दिसत होतं.

प्रबुद्ध एसटी डेपोत कारकून. वर्षभर प्रत्येक रविवारी विनोदिनीबाईंच्या सायबर कॅफेत बसून त्यानं धरणात गेलेलं जांभूळडोह पुन्हा उभं केलं होतं. इंटरनेटवर एक जग होतं, तिथं कुणीही जागा धरावी आणि घर बांधावं. गाव त्यानं स्वतः पाहिलंच नव्हतं, ते पाण्याखाली गेल्यावरचा त्याचा जन्म. वडिलांनी, आण्णांनी सांगायचं आणि यानं भिंती रचायच्या. विनोदिनीबाईंचं माहेरही तिथलंच, म्हणून त्या या कामाला यंत्र मोकळं ठेवत.

गाव पुरं झालं तेव्हा आण्णा पडद्याला नाक लावून बघत म्हणाले होते, "लय झ्याक केलंयस. पर माणसं न्हाईत रं. मसणवट्यागत वाटतंय."

ते प्रबुद्धच्या काळजाला लागलं. आण्णांचा एक डोळा गेला होता, दुसऱ्याचं डॉक्टर दिवाळीपलीकडचं काही सांगत नव्हते. त्या जगात एक टोळकं दर रविवारी एकमेकांनी बांधलेली गावं हिंडायचं. हॉलंडचा एक पेन्शनर म्हातारा त्यांचा म्होरक्या. प्रबुद्धनं त्याच्या हातापाया पडून आजचा रविवार जांभूळडोहला मिळवला होता. आण्णांना दिसतंय तोवर त्यांच्या गावात माणसं चालायला हवी होती, बस्स.

लाइन लागली. वेशीपाशी पाहुण्यांनी घेतलेली एकेक आकृती उगवली. हॅटवाला म्होरक्या, पंखांची परी, आणि चक्क एक पेंग्विन.

"ह्यो कोण कोंबडा?" आण्णा हरखून पुढं सरकले. "पावणं आलं रं गावात!"

मंडळी वेशीतून मोठ्या आळीत शिरली आणि थबकली. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं भराभर उमटू लागली.

"काय म्हनत्यात?"

प्रबुद्धनं अक्षरं वाचली. "विचारतायत, इथं लोक राहतात कुठं? दोन्ही बाजूंना नुसत्या भिंतीच आहेत."

पेंग्विन उडी मारून वेशीबाहेर गेला. परीही वळली. म्होरक्यानं विचारलं, पुढच्या गावाला निघायचं का?

"थांबा, थांबा!" प्रबुद्ध पडद्यालाच ओरडला.

विनोदिनीबाई मागं येऊन उभ्या राहिल्या आणि मनापासून हसल्या. "अरे बाबा, सगळी घरं पाठमोरी बसवलीस की! आमचं दार आळीत होतं, पुढं ओसरी, ओसरीवर झोपाळा. लहान होते, पण एवढं आठवतंय मला. आणि हा मागं दगड कसला ठेवलायस?"

प्रबुद्धनं वडिलांकडं पाहिलं. त्याला आत्ता कळलं. आण्णांनी प्रत्येक घराचं एकच दार सांगितलं होतं, गोठ्याकडचं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं, पुढचं कुठंय म्हणून.

"त्यो तुमच्याच घरचा दगड, बाई," आण्णा शांतपणे म्हणाले. "आमची आय त्येच्या हिकडं हुबी ऱ्हायची. तुमची आज्जी भाकरी त्येच्यावर ठिवून मागं सरायची. मंग आयनं उचलायची. आळीत आमास्नी कुठं जायला मिळायचं? म्या बगितलं त्येवडं सांगितलं."

विनोदिनीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. त्या म्हणाल्या, "प्रबुद्ध, मी सांगते तशी दारं बसव. आत्ता फिरवता येतील ना घरं?"

त्यानं माउसला हात घातला. आण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"फिरवू नगंस. गाव असंच हुतं. त्यास्नी म्हनावं, मागनं या."

"आण्णा, जातील ती माणसं!"

"जाऊ देत. पर खोटं दावू नगंस."

प्रबुद्धनं इंग्रजीत लिहिलं: मागच्या वाटेनं या, माझे वडील तिथूनच यायचे.

पडदा तसाच राहिला. लाइन तुटली की माणसं गेली, कळेना. मग हॅटवाला हलला. भिंतीला वळसा घालून, ओढ्याच्या कडेनं, गोठ्यामागून आला. त्याच्यामागं परी आली आणि वेशीबाहेरून परत फिरलेला पेंग्विनही. सगळी त्या दगडाच्या अलीकडं येऊन उभी राहिली.

आण्णांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

"आमच्या वाटंनं आली रं," ते म्हणाले. "बगितलं म्या."

विनोदिनीबाई अजून मागंच होत्या, चार हात लांब. आण्णांनी चाचपडत शेजारची खुर्ची ओढली.

"बसा की बाई," ते म्हणाले. "हुब्या कशाला?"