अस्वल आणि अध्यक्ष

नाटकाआधी हॉलच्या समितीचे अध्यक्ष दोन शब्द बोलणार होते. असले दोन शब्द किती लांबतात ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी विंगेत अस्वल होऊन उभी होते. जुने गालिचे शिवून केलेल्या त्या वेशात घामानं भिजून चिंब झाले होते. शेजारी आमचे भाऊजी उभे, माझे धाकटे दीर आणि नाटकाचे दिग्दर्शक. अध्यक्ष त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते, तरी भाऊजींचे हात जोडलेलेच.

अध्यक्षांचा विषय होता, 'रंगभूमी हा प्रत्येक बालकाचा हक्क'. ऐकणारी बालकं पार मागे, गॅलरीखाली कोंबलेली. पुढच्या गुबगुबीत खुर्च्यांवर मान्यवर रेलले होते, त्यातले दोघे चक्क घोरत होते.

"भाऊजी, पोरांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत शाळेत पोचवायचंय. आपलं नाटक व्हायचं कधी?"

"वहिनी, जरा गप्प बसा. पुढच्या वर्षी हॉल कुणाला द्यायचा ते त्यांच्याच हातात आहे."

"आणि पोरांचं काय?"

"पोरांना काय कळतंय?"

सगळी हयात बालनाट्यात काढलेला माणूस हे बोलला! मी अस्वलाचं डोकं चढवलं आणि सरळ रंगमंचावर गेले.

अध्यक्षांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी बोट उगारलं, मी पंजा उगारला. त्यांनी छातीवर हात ठेवला, मीही ठेवला. मागून खुसखुस ऐकू आली. अध्यक्ष खूश! त्यांना वाटलं, आपला विनोद पोरांना आवडला. त्यांनी तोच शिळा विनोद पुन्हा सांगितला. मी पोट धरून गडाबडा लोळले. हॉल हशानं दणाणला.

"मागे बघा!" एक मुलगी ओरडली. मग सगळीच ओरडू लागली, "मागे बघा! मागे बघा!"

ते वळले, मीही त्यांच्या पाठीला पाठ लावून वळले. ते दुसरीकडे वळले, मीही वळले. शेवटी त्यांचा हात मागे आला आणि माझ्या केसाळ कानाला लागला. मग माइकवरून जी किंकाळी फुटली, तिनं घोरणारे दोघेही जागे झाले.

पडदा पाडला गेला. "हसताय काय? रांग करा!" मुख्याध्यापिका मुलांवर खेकसल्या. मुलांना बसमध्ये कोंबून परत नेलं. आमचं नाटक झालंच नाही.

भाऊजी अध्यक्षांच्या गाडीपर्यंत माफी मागत धावले. माझी भूमिका त्यांनी आपल्या बायकोला दिली. पुढच्या वर्षी त्यांना हॉल मिळाला, अध्यक्षांचं भाषणही झालं. जाऊबाई विंगेत मुकाट उभ्या राहिल्या म्हणे. मी तिकडे फिरकलेच नाही.

एके दिवशी त्या शाळेच्या एक बाई घरी आल्या. "मुलं अजून तुमच्याबद्दलच विचारतात. याल का? स्टेज नाहीये आमच्याकडे, जेवणाची खोली आहे."

"तुमच्या मुख्याध्यापिका?"

"त्या आज बैठकीला गेल्यात. संध्याकाळपर्यंत येत नाहीत."

मी लगेच निघाले. जेवणाच्या खोलीत आम्ही टेबलं भिंतीला सरकवली. "अस्वल कोण होणार?" मी विचारलं. सगळे हात वर. "आणि अध्यक्ष?" सगळे हात खाली. शेवटी एक चष्मेवाली, अडखळत बोलणारी मुलगी उठली. "मी होते. पण मला भाषण येत नाही."

तिला खुर्चीवर चढवलं. खाली बघत ती पुटपुटली, "मुलांनो..." मागे अस्वलांची झुंड उभी राहिली आणि तिच्याबरोबर माना हलवू लागली. मग तिला जो काही चेव आला! हात काय नाचवले, घसा काय खाकरला, कुणी थांबवलं तरी थांबेना. स्वयंपाकीणबाई हातातली पळी विसरून दारात उभ्या राहिल्या.

भाऊजींना हे कळलं तेव्हा त्यांचा फोन आला. "वहिनी, ते अस्वल आमच्या नाटकातलं आहे. असं कुठेही वापरू नका."

"भाऊजी," मी म्हटलं, "ते तुमच्या विंगेत उभं असताना कुणी पाहिलं होतं का हो?"