बर्फवाल्यांचे हात

"आधी काखेत घाला हात, मग लावा मला," पलंगावरून बायको कुरकुरली.

बर्फवाल्यांनी मुकाट्यानं हात काखेत घातले. कारखाना सुटून वर्ष उलटलं होतं, हात आता कुणाही माणसासारखे कोमट असायचे. पण हुकूम लग्नापासूनचा, मोडायची छाती कुणाची?

उभा जन्म त्यांनी बर्फाच्या लाद्या ओढल्या. सुरुवातीला बोटं फुटली, ठणकली. मग शरीरानं परस्पर सौदा केला : कातडं जाड झालं, ठणका गेला. "आता शोभतोस कारखान्याला," मुकादम म्हणाला. ठणक्याबरोबर ऊन-गार कळण्याची अक्कलही गेली, हे मात्र चुलीवरचं पातेलं उघड्या हातांनी उचललं तेव्हा घराला समजलं. बर्फवाल्यांना नव्हे.

तेव्हापासून बायकोनंही स्वतःला बदलून घेतलं. चहाचा पेला आधी तिच्या गालाला लागे, मग त्यांच्या हाती जाई. अंघोळीच्या पाण्यात पहिलं कोपर तिचं. शेजारणी म्हणत, काय बाई लाड! ती म्हणे, "लाड कसले? भाजायचं ह्यांनी आणि फुंकर मी घालायची. त्यापेक्षा हे परवडलं."

आज ताप तिला होता. चौथा दिवस.

"मी औषध घेऊन येते, बाबा," लेक पायात चपला सरकवत म्हणाली. "आईचा ताप वाढला तर शेजारी हाक मारा."

"कुणाला सांगतेस?" बायको क्षीण हसली. "निखारा दिला तर खिशात घालतील हे."

"मग नुसते हात धरून बसा."

ते बसले. काखेत शेकलेल्या हातांत तिचा हात घेऊन. सगळ्या आयुष्यात घरातलं ऊन-गार तिनं पारखलं; आज एवढं एक काम आपल्याकडे आलंय, ते चोख व्हायला हवं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. थोड्या वेळानं तिचं कण्हणं थांबलं. बोटं सैल पडली. घाम आला असेल, ताप उतरला असेल, डोळा लागला असेल. तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी पायाला आलेल्या मुंग्यासुद्धा सोसल्या.

दुकानात गर्दी होती. लेक उशिरा परतली.

"हळू," ते कुजबुजले. "गाढ झोपलीय. मघापासून हात अगदी निवांत आहे."

लेकीनं तो हात हातात घेतला आणि औषधाची पिशवी खाली ठेवली.

"बाबा... कधीचा गार पडलाय हा."

बर्फवाल्यांनी तो हात उचलून, पेला लावावा तसा, आपल्या गालाला लावला. गालाला बर्फाची सवय नव्हती. त्याला कळलं.

त्यांनी सदऱ्याचं बटण काढलं आणि तिचा हात आपल्या काखेत घेतला.