कडीला टॉवेल

जावयाने चार दिवसांसाठी चाकांवरचं घर भाड्याने आणलं. आत ओटा, दोन पलंग, खिडक्यांना पडदे. "आई, कुठे जायचं ते तुम्ही सांगा," म्हणाला. मी घाटापलीकडच्या कामगार वसाहतीचं नाव घेतलं.

आम्ही तिथे राहायचो तेव्हा, लेक तीन महिन्यांची असताना, मला टायफॉइड झाला. दीड महिना मी दवाखान्यात. शेजारणीचं बाळही अंगावर पीत होतं. तिचा नवरा कारखान्यातल्या लोखंडाच्या भट्टीवर, म्हणून सगळे तिला भट्टीवाली म्हणत. तिने दोघींना पाजलं. मी परतले आणि आठवड्यात यांची बदली झाली. सामान बांधण्याच्या गडबडीत आभार मानायचे राहिले, ते बावन्न वर्षं राहिले.

सकाळभर नुसता डोंगर. काळपट उंच झाडं, ओढे, तासन्‌तास माणूस नाही. वळणावळणाला कपाटातले कप किणकिणत होते. माथ्यावरच्या फाटकाशी चौकीदाराने बजावलं, "दरडी पडतायत. सहाला फाटक बंद होईल."

पलीकडे उतरताना डोंगर पायऱ्यांसारखा कापलेला दिसला. लाल धूळ, डंपर, मग धुराडी. जळक्या लोखंडाचा वास आला तशी लेकीने खिडकी लावली. मी माझी उघडली.

अडीचला वसाहतीत पोचलो. नाक्यावर विचारलं, भट्टीवाली अजून त्याच घरात होती. तिच्या दाराच्या कडीला टॉवेल बांधलेला होता. लेक बेल दाबणार, तोच मी तिचा हात धरला.

"टॉवेल आहे. आत रात्रपाळीचं माणूस झोपलंय."

"आई, एवढा घाट ओलांडून आलीस आणि टॉवेलला घाबरतेस?"

"टॉवेल असला की गल्लीत कोणी भांडंसुद्धा आपटत नसे. तुझ्या बाबांची झोप मोडू नये म्हणून तुला रडताना उचलून नेणारी हीच."

आम्ही गाडीत जाऊन बसलो. जावई थकला होता. पडदे ओढून आडवा झाला. तीन वाजले. चार वाजले. साडेचारला निघणं भाग होतं. शेवटी मी चिठ्ठी लिहिली आणि ती कडीत खोचायला उतरले.

दार उघडलं. पांढरे केस, वाकलेली पाठ, ओठांवर बोट.

"हळू. नात झोपलीय, भट्टीवर असते." मग गाडीकडे मान वळवून म्हणाली, "तुमच्यातलं उठलं का? पडदे ओढलेले पाहिले, म्हणून दोन तास आतच बसले. म्हटलं, कोणी रात्रभर गाडी चालवून आलंय, झोपू दे."

मग तिने मला नीट पाहिलं. "तू होय? म्हातारी झालीस की गं."

"तू काय कोवळी राहिलीस?" मी लेकीला पुढे ओढलं. "ही तुझ्या दुधावर वाढली."

तिने लेकीचं मनगट चाचपलं. "हिचा पाय माझ्या मुठीत मावायचा."

"मी आभार मानायला आलेय."

"मग मान पटकन. फाटक बंद होईल."

लेकीने गाडीतल्या ओट्यावर चहा टाकला. आम्ही दोघी गाडीच्या पायरीवर टेकलो, आणि बावन्न वर्षं साठवलेलं सगळं मी तिच्या कानाशी कुजबुजत सांगितलं. आत तिची नात झोपली होती, मागे माझा जावई.