फोटोतून कापलेल्या आजी

मी एक जुना कॅमेरा आहे. नुसता जुना नाही, दोन घरं फिरलेला. माझ्या पकडीचं रबर सुटलं होतं, ते गोंदाने चिकटवलं आहे. पट्ट्यालाही एके ठिकाणी शिवण आहे. नजर मात्र शाबूत आहे. मित्रांनो, ही बढाई नव्हे. पुढे जे घडलं त्यात चूक माझ्या नजरेची नव्हती, एवढं आधीच सांगून ठेवतो.

माझी पहिली नऊ वर्षं लग्नाच्या एका फोटोग्राफरकडे गेली. मला कान नाहीत, तरी 'जरा हसा, जरा हसा' ऐकून ते किटले. मग त्याने नवा कॅमेरा घेतला आणि मी दुरुस्तीच्या दुकानात, काचेच्या कपाटात धूळ खात पडलो. गिऱ्हाइकं यायची, मला हातात घ्यायची, नाक मुरडायची आणि परत ठेवायची. अशा वेळी काय वाटतं ते कुणी मला विचारू नये.

तिथून मला ज्यांनी उचललं, त्या एका औषधांच्या दुकानात काम करतात. सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. सुट्टीच्या दिवशी त्या मला गळ्यात अडकवून काम करणाऱ्या माणसांचे फोटो काढायला निघायच्या. त्यांचा एक नियम होता. माणसाला विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि फोटो छापला की पहिली प्रत त्याच्याच हातात द्यायची. घरचे हसायचे. नवरा म्हणायचा, "सरकारी परवानगी तेवढी घ्यायची राहिली." पण ताईंनी नियम मोडला नाही.

एका सकाळी आम्ही जवळच्या इमारतीत गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी कचरा ठेवायला बाहेर आल्या आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. किल्ली आत, गॅसवर दूध, आणि आजी बाहेर. फाटकाशी बसणारे किल्लीवाले काका आपली पेटी घेऊन धावत वर आले. ते दारापुढे गुडघ्यांवर बसले, दोन बारीक तारा कुलपात घातल्या आणि डोळे बारीक केले. आजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होत्या, "अरे लवकर, दूध गेलं बघ उतू."

ताईंनी विचारलं, "काका, फोटो काढू?"

"काढा की. फक्त मला थांबायला सांगू नका."

कुलूप उघडलं त्याच क्षणी मी टिपलं. आजींच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, तसं लग्नाच्या नऊ वर्षांत मला एकदाही मिळालं नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला फोटो. काकांनी आपली प्रत पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवली. आजींनी फ्रिजवर लावली.

ताईंनी तो हौशी फोटोग्राफरांच्या एका संकेतस्थळावरही टाकला. तिथे एक प्रश्न होता, हा फोटो कोण वापरू शकेल? 'नाव देऊन कोणीही' असा एक पर्याय होता. ताईंना वाटलं, कुणी घरात भिंतीवर लावेल, कुणी मुलांना दाखवेल, त्यात काय बिघडलं. त्यांनी तिथे खूण केली. मी शेजारीच टेबलावर होतो. मलाही काही वावगं वाटलं नाही, हे खरं.

दोन महिन्यांनी त्याच इमारतीच्या फाटकावर, आणि आजूबाजूच्या इमारतींवरही, एक पोस्टर लागलं. कुलपं विकणाऱ्या एका कंपनीचं. फोटो आमचा होता, पण आजी त्यात नव्हत्या. त्यांना कापून टाकलं होतं. काकांच्या खांद्यावर आजींची दोन बोटं तेवढी उरली होती, आणि तीही मुद्दाम बघितल्याशिवाय दिसत नव्हती. दारापाशी गुडघ्यांवर बसलेला माणूस, हातात तारा, बारीक केलेले डोळे. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'तुमच्या दाराशी कोण बसलंय?' ताईंचं नाव कुठेच नव्हतं.

चार दिवसांत काकांची फाटकाशी बसायची जागा गेली. वॉचमनने मान खाली घालून सांगितलं, "वरून सांगितलंय, मी काय करू?" ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्याकडून किल्ल्या करून घेतल्या, ते आता त्यांना बघून कुलूप दोनदा ओढून बघू लागले. काका औषधांच्या दुकानात आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, मी तुम्हाला हो म्हटलं होतं. त्यांना नाही."

ताई घरी येऊन रडल्या. नवरा म्हणाला, "खाली तुझं नाव नाही ना? मग झालं. तू बोलूच नकोस."

"म्हणजे निस्तरायचं काकांनी एकट्याने?"

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. फोटो माझा आहे, तो काढून टाका, निदान कापू तरी नका. आठ दिवसांनी गोड शब्दांत उत्तर आलं. आपलं नाव द्यायचं राहून गेलं, दिलगीर आहोत, नव्या पोस्टरवर दिलं आहे. बाकी आपणच 'कोणीही' म्हटलं होतं. संपलं. त्यांनी हात झटकले. नवी पोस्टरं आली, तीच कापलेली, आणि खाली बारीक अक्षरांत ताईंचं नाव. मित्रांनो, आपलं नाव छापून आलं म्हणून इतकं वाईट वाटलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मग ताईंनी अख्खा फोटो मोठा करून छापला आणि इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेल्या. मी गळ्यात होतोच. आजीही जिना उतरून आल्या. पोस्टरवरच्या दोन बोटांवर आपलं बोट ठेवून म्हणाल्या, "हा हात माझा आहे. आता बोला." सेक्रेटरींनी पोस्टर काढलं. काकांना जागा परत मिळाली. पण आजूबाजूच्या इमारतींत ताईंना 'बघू' एवढंच उत्तर मिळालं, आणि तिथली पोस्टरं अजून तशीच आहेत. काकांचं काम निम्म्यावर आलं आहे.

आताशा ताई मला फारसं बाहेर काढत नाहीत. म्हणून सांगतो, मित्रांनो, एखादा फोटो आवडला तर खुशाल बघा. उचलावासा वाटला तर काढणाऱ्याला विचारा, आणि त्यात जो माणूस आहे त्यालाही विचारा. आणि कात्री लावायच्या आधी कुणाला कापतोय ते नीट बघा.

परवा मात्र ताई मला गळ्यात अडकवून काकांकडे एक किल्ली करायला गेल्या होत्या. किल्ली घासता घासता काका म्हणाले, "तुमचं नाव आलं की खाली. माझं कुठंय?"

ताई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी काकांना सगळं विचारलं होतं, फोटो काढू का, छापू का, लावू का. नाव विचारलंच नव्हतं. आजींनी नाही, सेक्रेटरींनी नाही, मीही नाही. ताईंनी तिथेच, मान खाली घालून, ते विचारलं.

काकांनी सांगितलं. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. पण मित्रांनो, ते मी इथे सांगणार नाही. त्यांनी ते ताईंना सांगितलं आहे, तुम्हाला नाही.